रेणूचं बेट

"हात द्या," एवढंच म्हणायचे नाना. म्हणता म्हणता खांद्यावरचं उपरणं उजव्या हातावर टाकायचे आणि तो झाकलेला हात तुमच्यापुढे धरायचे.

घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात ज्यांनी कधी म्हैस घेतली किंवा विकली असेल, त्यांना यातलं काही सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो. तिथे जनावराचा भाव तोंडाने बोलत नाहीत. दलाल आणि गिऱ्हाईक कापडाखाली हात मिळवतात आणि आतल्या आत बोटं दाबून आकडा सांगतात. एक बोट म्हणजे एक, दोन म्हणजे दोन, पाचही धरली की पाच. ते पाच म्हणजे पाचशे, पाच हजार की पन्नास हजार, हे विचारायचं नसतं. जनावर समोर उभं असतं, दोघांनाही ठाऊक असतं. भोवती दहाजण टकमका बघत असतात आणि कोणाला काही कळत नाही. नानांची नजर तर त्या वेळी भलतीकडेच असायची, कुठल्यातरी लिंबाच्या शेंड्यावर. यांचा हात कुठे गुंतला आहे हे त्यांनाच माहीत नसावं असं वाटायचं.

सवय अशी जडली होती की बाजाराबाहेरही सुटत नसे. एकदा माझ्या घरी आले, तेव्हा बायकोने विचारलं, "नाना, चहात साखर किती?" नानांनी लगेच उपरणं काढलं, हात माझ्यापुढे केला आणि कापडाखाली दोन बोटं दाबली. मी बायकोला सांगितलं, "दोन." ती हसून लोटपोट झाली. नाना मात्र गंभीर. "वैनी, भाव उघड्यावर बोलू न्हाई," म्हणाले.

मी तिथल्या जनावरांच्या दवाखान्यात होतो. डॉक्टर नाही, पर्यवेक्षक. पण म्हशीला त्याने फरक पडत नाही, त्यामुळे लोकांनाही पडत नाही. सगळे मला डॉक्टर म्हणायचे, नाना 'डाक्टर' म्हणायचे. शुक्रवारी बाजार, त्या दिवशी माझं टेबल बाजारात. कानातले पिवळे बिल्ले तपासायचे, दाखले लिहायचे. नाना माझ्या टेबलाला टेकून उभे राहायचे. जनावराचे दात ते बघायचे, ताप मी बघायचो, आणि दोघांचं मत जुळलं नाही तर त्यांचंच खरं निघायचं. याचा मला राग यायचा.

त्यांचं दुसरं वाक्य होतं, "बोट दिलं की दिलं." कापडाखाली एकदा आकडा मान्य केला की मग आभाळ कोसळो. गाय टेम्पोत चढताना लंगडली, मागून कोणी जास्त भाव देऊ केला, तरी नाना मागे फिरायचे नाहीत. त्यांचा सगळा बाजार या एका वाक्यावर उभा होता.

आता एक गोष्ट तुम्हाला आधीच सांगून ठेवतो. मला ती फार उशिरा कळली, तुम्हाला तरी वेळेवर कळू दे. नानांना एक मुलगी होती, रेणुका. घरात रेणू म्हणायचे. लहानपणी बापाच्या मागे बाजारात यायची, बोटांची भाषा तिला बापाएवढी यायची. ती मोठी झाली तेव्हा शेवगावच्या एका दलालाच्या मुलाशी नानांनी तिचं लग्न ठरवलं. ते कसं ठरवलं असेल? उपरण्याखाली. दोघे दलाल मित्रच, थट्टामस्करीत हात मिळवले, बोट दिलं, झालं. मुलीला विचारलं नाही. तिचं मन सुप्याच्या कारखान्यात काम करणाऱ्या एका मुलावर होतं, जातीबाहेरच्या. ती निघून गेली. नानांना भर बाजारात जाऊन सांगावं लागलं की माझं बोट मोडलं. आयुष्यातलं पहिलं. आणि त्याच ठिकाणी, शंभर लोकांपुढे ते म्हणाले, "आजपासनं माझ्या घरात त्या पोरीचं नाव कुनी काढायचं न्हाई. मी बी न्हाई."

बोट दिलं की दिलं. गावाने तो शब्द पाळला, नानांच्या मुलाने पाळला, बायकोने मरेपर्यंत पाळला. माझी बदली घोडेगावला झाली ती यानंतर. त्यामुळे मला कोणी काहीच बोललं नाही.

आता त्या पाहुण्याचं सांगतो.

एका शुक्रवारी बाजारात एकजण आला. गळ्यात कॅमेरा, अर्धी चड्डी, पण रंगरूप आपलंच. नानांनी त्याला दुरून न्याहाळलं आणि जवळ जाऊन विचारलं, "शेवगावचं का पाव्हनं?" तो हसून भलत्याच भाषेत काहीतरी बोलला. नाना माझ्याकडे वळले. "डाक्टर, दिसतो आपल्यातला, बोलतो कायतरी येगळंच. बघा बरं ह्याला काय झालंय."

माझं इंग्रजी औषधाच्या बाटलीवरचं आणि त्याचंही फार बरं नव्हतं. तरी कळलं ते असं. हिंदी महासागरात, आफ्रिकेच्या अंगाला, एक बेट आहे. फ्रान्सच्या ताब्यातलं. याचे पूर्वज कधीकाळी मद्रासकडून जहाजात बसून तिथे ऊस तोडायला गेले आणि परत आले नाहीत.

"ऊसतोडीला?" नाना म्हणाले. "मंग आपलाच की. टोळीसंगं गेला आन ऱ्हायला तिकडंच."

नानांनी त्याला बोटांची भाषा शिकवली. तो इतका खूश झाला की त्याने पाकीट उघडून एक जुनी, मऊ पडलेली नोट काढली आणि नानांच्या हातावर ठेवली. डोक्याला फडकं बांधलेली एक बाई, शेजारी फळं, आणि कडेला उभ्या अक्षरांत बेटाचं नाव. त्या अक्षरांवर बोट ठेवून त्याने ते उच्चारलं, घशातून, शेवटचं अक्षर नाकात सोडून.

"काय म्हनला?" नानांनी विचारलं.

"रेयुनियन. त्या बेटाचं नाव."

"रेणू?"

"रेणू नाही हो. रे-यु-नि-यन."

"रेणूनियन," नाना म्हणाले. मग हळूच, "रेणू."

मी म्हटलं, ही नोट आता चालत नाही, तिकडे केव्हाच युरो आला. नाना म्हणाले, "चालत न्हाई तर मंग जपाया पायजे." त्यांनी दोन्ही हात उपरण्याला पुसले आणि नोट बंडीच्या आतल्या खिशात ठेवली. पाहुण्याचा मान ठेवतायत, एवढंच मला वाटलं.

पुढच्या शुक्रवारी टेबलाशी आले आणि म्हणाले, "डाक्टर, रेणूच्या आनखी नोटा असत्याल का कुटं?"

झालं. छंद लागला. मला वाटलं, म्हातारपणी माणसाला काही ना काही लागतंच, कोणाला भजन, कोणाला तंबाखू, यांना ही. आणि खरं सांगायचं तर मलाही लागला. त्या बेटाच्या जुन्या नोटा कोणाकडे आहेत ते मी मोबाईलवर शोधायचो. पुण्यात एक नोटांचा व्यापारी सापडला. तो रजिस्टर्ड पोस्टाने पाकीट पाठवायचा माझ्या दवाखान्याच्या पत्त्यावर. नाना रोज डोकावायचे. "रेणू आली का?" चार लोक बसलेले असायचे, कोणाची शेळी, कोणाचं वासरू. नाना मोठ्याने, खणखणीत आवाजात विचारायचे, "रेणूचा काय सांगावा?" लोक एकमेकांकडे बघायचे आणि माना खाली घालायचे. नानांच्या या नव्या वेडाला ते लाजतायत, असा माझा समज. मी तर कधी कधी वैतागून म्हणायचो, "नाना, रेयुनियन म्हणा. फ्रान्सवाले ऐकतील तर रडतील." ते म्हणायचे, "रडू द्या. माझ्या तोंडाला ह्येच बसतंय."

लम्पीच्या साथीत सरकारने बाजार बंद केले, तेव्हा तर ते दिवसभर माझ्याकडेच असायचे. मी लस टोचून यायचो, नाना ओट्यावर नोटा घेऊन बसलेले. डोळे मिटून, अंगठा आणि दोन बोटांत धरून नोट तपासायचे. व्यापाऱ्याने एकदा अगदी कोरी करकरीत नोट पाठवली, दुप्पट किमतीची. नानांनी बोटं फिरवली आणि परत दिली. "कोरी नगं. ही कुनाच्या घरी गेलीच न्हाई. हिला कुनाचा हात न्हाई लागला."

आणखी एक गंमत. जुन्या काळी फ्रान्सने आपल्या वेगवेगळ्या बेटांसाठी एकाच चित्राच्या नोटा छापल्या होत्या. बाई तीच, फळं तीच, फक्त कडेचं नाव वेगळं. व्यापाऱ्याने एकदा चुकून दुसऱ्याच बेटाची नोट धाडली. माझ्या लक्षात आलं नाही. नानांच्या आलं, आणि त्यांना इंग्रजीचं एक अक्षर वाचता येत नव्हतं. त्यांनी माझ्याकडून बेटाचं नाव कागदावर लिहून घेतलं होतं आणि कानातल्या बिल्ल्याचा नंबर पडताळावा तसं एकेक अक्षर पडताळायचे. "बाई तीच हाय," म्हणाले, "पर नाव आपलं न्हाई."

काही जुन्या नोटांवर मागाहून नव्या किमतीचा शिक्का मारलेला असायचा. तशी एक नोट त्यांना हवी होती. बाकी जमल्या, ती काही मिळेना. ते म्हणायचे, "शिक्केवाली आली की संपलं बघा. मंग काय नगं." तेव्हा नुकतंच एसटीच्या पाट्यांवर अहिल्यानगर आलं होतं. नाना पाटीकडे बघत म्हणाले, "नाव बदललं तरी गाडी थितंच जाती ना?" मी म्हटलं, तिथेच जाते. "मंग ठीक हाय."

नोटा ठेवायला त्यांच्याकडे लग्नाचा अल्बम होता. फोटोंचा असतो तो. वर सोनेरी 'शुभविवाह', मुंडावळ्या, सनई-चौघडा. आत एकही फोटो नाही. प्रत्येक फोटोच्या जागी नोट. मी थट्टा केली, "काय नाना, नोटांचं लग्न लावलं काय?" नाना हसले नाहीत. म्हणाले, "घरात रिकामा पडला हुता." माझी जीभ तेव्हाच झडायला हवी होती.

एकदा आमच्या दहावीच्या बॅचचं री-युनियन नगरला ठरलं. मी नानांना सांगितलं की अहो, तुमच्या बेटाचं नाव तेच. तुटलेली माणसं पुन्हा भेटतात, त्याला म्हणतात. नानांनी उपरणं झटकून खांद्यावर टाकलं. मग म्हणाले, "बेटाला कशाला दिलं ह्ये नाव? बेट काय कुनाला भेटतंय." थोड्या वेळाने विचारलं, "किती लांब असंल?"

"समुद्रापार. हजारो मैल."

"सुप्यापरीस जवळ हाय म्हना की."

मला वाटलं, विनोद. सुपा म्हणजे नगरला एसटी बदलली की दोन-अडीच तास. मी हसलो. तेही हसले.

मग एके दिवशी म्हणाले, "डाक्टर, सुप्याला एकाकडं रेणूची नोट हाय. मोटरसायकल काढता का?" मी रजा टाकली. भर उन्हात आम्ही सुप्याला पोचलो. नानांनी मला एका कारखान्याच्या फाटकासमोर थांबायला सांगितलं. "माणूस इथंच कामाला हाय," म्हणाले. आम्ही तासभर उभे. दुपारची पाळी सुटली. निळे डगले घातलेल्या बायका घोळक्याने बाहेर आल्या, डबे हातात, गळ्यात ओळखपत्रं. नाना एकेक चेहरा बघत होते. नोट बाईकडे आहे की काय, मला प्रश्न पडला. घोळक्यातली एकजण थांबली आणि आमच्या दिशेने दोन पावलं आली. तेवढ्यात नानांनी झटकन उपरणं तोंडावर ओढलं. रस्त्याने ट्रक गेला होता, धूळ उडत होती. धूळ बसेपर्यंत बायका बसमध्ये चढल्या होत्या.

"न्हाई त्याच्याकडं नोट," नाना म्हणाले. "चला."

मी वाटभर फणफणत होतो. एक रजा फुकट, पेट्रोल फुकट, आणि माणसाचा पत्ता नाही. नाना मागे बसले होते. घरी उतरले तेव्हा उपरणं ओलं होतं. ऊन तसं होतंच.

त्या पावसाळ्यानंतर त्यांना पक्षाघात झाला. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. नगरच्या दवाखान्यात पंधरा दिवस ठेवलं, मग घरी आणलं. ज्या हाताने त्यांनी जन्मभर भाव केले, तो हात गोधडीवर पडून असायचा. मुलगा आणि सून मनापासून करत होते. मी रोज संध्याकाळी जायचो.

हळूहळू जिभेला एकच शब्द आला. घासत, ओढत, पण ओळखू येणारा. "रेणू." मग त्याला दुसरा जोडला. "रेणू... आना."

मुलगा म्हणाला, "नोटा मागत्यात, डॉक्टर." आम्ही अल्बम आणला. उशीला टेकवून बसवलं, मी एकेक पान उलटून दाखवलं. नानांनी डाव्या हाताने अल्बम सारला. "रेणू आना." मी पुन्हा पहिल्या पानापासून दाखवला. त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. "रेणू आना," आणि आम्ही अल्बम आणायचो.

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी स्वतःला फार हुशार समजतो, ही माझी जुनी खोड. मी मुलाला म्हटलं, "आहेत त्या नोटा नकोत त्यांना. नाही ती हवी आहे. शिक्केवाली!" मी पुण्याच्या व्यापाऱ्याला फोनवर फोन केले. त्याने कुठूनशी ती मिळवली. मी पहाटेच्या गाडीने पुण्याला गेलो, ती घेतली, पुस्तकात ठेवून छातीशी धरून परत आलो आणि थेट नानांच्या घरी. उंबऱ्यातूनच ओरडलो, "नाना, रेणू आणली!"

नानांनी मान उचलली. इतके दिवस जी मान उशीवरून वर आली नव्हती ती त्यांनी उचलली. डावा हात डोक्याकडे गेला, टोपी चाचपायला. डोळे माझ्या खांद्यावरून मागे, दारात गेले. काय डोळे होते ते. मी सांगू शकत नाही.

दारात कोणी नव्हतं. मी पुढे होऊन नोट त्यांच्या तोंडासमोर धरली.

त्यांनी नोटेकडे पाहिलं, मग माझ्याकडे. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी मान हळूच खाली ठेवली आणि डोळे मिटले. मी मुलाला म्हणालो, "बघ, आता समाधान झालं." हे मी म्हणालो. माझ्या तोंडाने म्हणालो.

त्यानंतर त्यांनी रेणूचं नाव घेतलं नाही. पाचव्या दिवशी ते गेले.

दहावं झाल्यावर मुलाने अल्बम मला आणून दिला. "तुमच्या दोघांचा छंद हुता, तुमीच ठेवा," म्हणाला. मी तो दवाखान्याच्या कपाटात ठेवला, लशींच्या रजिस्टरांशेजारी. शुक्रवारी बाजार भरायचा, टेबल मांडायचो, आणि कोपर टेकवायला कोणी नसायचं. एखाद्या गाईचा ताप बघून मी सवयीने वळून विचारायचो, "काय नाना?" आणि मग गाईवाल्याकडे बघत राहायचो.

महिन्याभराने दुपारी दवाखान्यात एक बाई आली. पस्तिशीची असेल. गळ्यात ओळखपत्र, ते काढायचं विसरली असावी. जनावर बरोबर नव्हतं. मी विचारलं, काय काम?

"मी रेणुका," ती म्हणाली. "नानांची मुलगी. भावानं फोन केला हुता, पन तेराव्याच्या बी नंतर. अल्बम तुमच्याकडं हाय म्हनला."

मला अजून काही उमगलं नव्हतं. नानांना मुलगी होती, एवढाच धक्का. मी अल्बम काढून दिला. तिने सोनेरी अक्षरांवरून हात फिरवला. "माझ्या लग्नाला आनला हुता ह्यो," म्हणाली, "नगरहून." मग उघडला. "ह्या कसल्या नोटा?"

मी सांगायला लागलो. एक बेट आहे, फ्रान्सचं. रेयुनियन नाव. नानांना ते म्हणता यायचं नाही, ते आपले त्याला रेणू म्हणायचे...

आणि मी थांबलो. माझंच वाक्य माझ्या कानावर पडलं होतं. दवाखान्यात खाली गेलेल्या माना. सुप्याचं फाटक. टोपी चाचपणारा हात. तिचं नाव घरात घ्यायला त्यांनी स्वतःच बंदी केली होती, आणि शब्द मोडता येत नव्हता, म्हणून त्यांनी समुद्रापारचं एक बेट शोधून त्याच्या आडून रोज तिला हाक मारली होती. आणि खरोखर हाक मारायची वेळ आली तेव्हा आम्ही प्रत्येक वेळी त्यांना अल्बम आणून दिला. मुलाला कळलं होतं की नाही, मी विचारलं नाही. बापाचाच शब्द तो पाळत होता. मला विचारायचा काय अधिकार?

मी स्टूल ओढून बसलो. तीच बोलायला लागली.

"गेटवर आल्ते ते. मोटरसायकलवर तुमीच हुता ना? मी वळखलं त्यांना. मी दोन पावलं पुढं आले, तर त्यांनी तोंड झाकलं. मी म्हनलं, अजून माझं तोंड बघायचं न्हाई त्यांना. मंग मी बी न्हाई आले." तिने अल्बमवरची नजर काढली नाही. "आजारपनात कधी माझं नाव काढलं का वो त्यांनी?"

खोटं बोलणं सोपं होतं आणि अर्धं खरं त्याहून सोपं. पण मी सगळं सांगितलं. ओलं उपरणं सांगितलं. 'रेणू आना' सांगितलं. ती नोट घेऊन दारातून मी काय ओरडलो, त्यांचे डोळे कुठे गेले, आणि मी मुलाला काय म्हणालो, तेही सांगितलं. सांगताना मला रडू आलं. मी एका बापाला शेवटच्या आठवड्यात फसवलं होतं, आणि तेही प्रेमाने, स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन.

ती रडली नाही. शिक्केवाली नोट काढून तिने डोळे मिटून अंगठा आणि दोन बोटांत धरली. बाहेर कोणाची तरी शेळी ओरडत होती. मग नोट जागेवर ठेवून तिने गळ्यातली ओढणी ओढली, आपल्या उजव्या हातावर टाकली आणि तो झाकलेला हात माझ्यापुढे धरला.

"हात द्या," म्हणाली.

मी दिला.

"किती वेळा?"

मी दलाल नव्हे. त्यांच्या हाकांचा आकडा मला ठाऊक नव्हता, मोजलं कोणी होतं? मी ओढणीखाली तिची पाचही बोटं धरली आणि धरून ठेवली. तिची नजर खिडकीबाहेर, लिंबाच्या शेंड्यावर होती.

पाच म्हणजे किती, हे तिने विचारलं नाही.